खुणेची चप्पल

रायापूरच्या माळावर गंगक्कानं रेणुकाला लांब उडी शिकवली. धावायला कुठून सुटायचं ते कळावं म्हणून अक्का कडेला स्वतःची चप्पल ठेवायची. मग दिल्लीच्या साहेबांनी पोरगी शिबिराला नेली, अक्काला साधं विचारलंही नाही. त्याच दिवशी अक्काची एक चप्पल हरवली. आज आपल्याच देशात आशियाई स्पर्धा, आणि रेणुका यजमानांची पदकाची आशा. "पदक घेताना तुझं नाव घेईल का गं?" शेजारणीनं डिवचलं. "नाव घाल चुलीत!" म्हणत अक्का टीव्हीसमोर एकटीच बसली. शेवटच्या उडीआधी रेणुकानं पिशवीतून तीच चप्पल काढून कडेला ठेवली. नियमात बसत नाही म्हणून पंचानं ती पायानं सारली. रेणुका धावली; पाय फळीपुढे पडला, उडी बाद ठरवणारा लाल झेंडा फडकला. "यजमानांची आशा संपली," समालोचक म्हणाला. अक्कानं ट्रंकेतली उरलेली चप्पल पुसून उंबऱ्याबाहेर, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली.