गोठलेल्या तळ्याचा फोटो

लडाखमधल्या गोठलेल्या तळ्याच्या फोटोसमोर एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. साताऱ्यातल्या त्या प्रदर्शनात केतकीच्या याच फोटोचं सगळ्यात जास्त कौतुक होत होतं, म्हणून ती आपणहून त्यांच्याजवळ गेली.

"कसा काढलात ह्यो?" बाईंनी विचारलं.

केतकी रंगून सांगू लागली. तापमान उणे पंचवीस होतं, कॅमेऱ्याची बॅटरी काखेत धरून गरम ठेवावी लागत होती, आणि हातमोजा पाच मिनिटं काढला तर बोटं तासभर बधिर झाली.

"माझा सुशांत मिलिटरीत हाय," बाई हळूच म्हणाल्या. "ह्याच तळ्याच्या काठाला त्याची ड्यूटी. फोनवर म्हणतो, आई, आपल्या महाबळेश्वरागतच थंडी हाय."

आपण उगाच इतकं बोललो, असं केतकीला झालं. बाईंनी पिशवीतून मोबाईल काढला आणि मुलाला फोन लावला. बोलताना त्यांची नजर फोटोवरच होती.

"जेवलास का? ऊन पडलंय म्हणतोस? बरं झालं बाळा," त्या म्हणाल्या. "न्हाई रं, मी कशाला काळजी करू?"