समासातली सोबत

गुरुवारच्या शस्त्रक्रियेआधी आपले हृदय नेमके चालते कसे, हे कळावे म्हणून हेरंबरावांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणले. समासात आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘माझंही असंच धडधडतं.’ पुढे, ‘माझी शस्त्रक्रिया सोमवारी.’ त्या थरथरत्या अक्षरांची हेरंबरावांना सोबत वाटू लागली.

एकशे बाराव्या पानानंतर मात्र समास कोरे होते. शेवटच्या पानापर्यंत कोरे. हेरंबरावांनी पुन्हा एकदा सगळी पाने उलटून पाहिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच ते टेबलापाशी उभे राहिले. “बाई, माझ्याआधी हे कुणी नेलं होतं?”

“कारखानीस मास्तरांनी! पुस्तकं रंगवायची खोड काही जात नाही त्यांची,” ग्रंथपाल बाई करवादल्या.

“ते... आहेत?”

“न असायला काय झालं? इस्पितळातून आले आणि म्हणाले, आता हृदय पुरे झालं, दुसरं काहीतरी द्या. सध्या मधमाश्या वाचताहेत.”

हेरंबराव हळूच म्हणाले, “मधमाश्या परत आल्या की माझ्यासाठी राखून ठेवा. पुढच्या महिन्यात नेईन. आणि समासातलं काही खोडू नका.”