न आलेला फोन

फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्या सकाळी नऊला गेल्या, त्या बारा वाजले तरी परतल्या नव्हत्या.

पेंटर तरातरा सिमकार्ड विकणाऱ्या टेबलापाशी आला. फुटपाथवर शेजारी शेजारी दोन छत्र्या, दोन कंपन्या. एका छत्रीतून आवाज येई, "रोज दोन जीबी!" की लगेच दुसरीतून, "आमच्याकडे अडीच, वर आठवडा जास्त!" या चढाओढीतच गेल्या आठवड्यात पेंटर अलगद सापडला होता. नंबर जुनाच, कंपनी नवी, प्लॅन स्वस्त. त्याला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

"ताई, दहा मिनिटं म्हणाला होतात तुम्ही."

"आज गर्दीच तेवढी आहे हो, काका. जो तो कंपनी बदलतोय," छत्रीखालची मुलगी म्हणाली. "होईल चालू. एवढी काय घाई?"

पेंटरने एका दमात सांगून टाकलं. बायकोला किडनी हवी आहे. दोन वर्षं तिचं नाव यादीत आहे. किडनी मिळाली की हॉस्पिटल याच नंबरवर फोन करणार. दोनदा लावणार, उचलला नाही, की यादीतलं पुढचं नाव.

मुलीचा चेहरा एकदम उतरला. ती काही बोलायच्या आत शेजारच्या छत्रीखालचा टकलू उठला. सकाळपासून तिचं एकेक गिऱ्हाईक फोडायला टपलेला हा माणूस. त्याने आपलाच फोन पुढे केला. "आधी हॉस्पिटलला लावा. नंबर आहे?"

"पाठ आहे."

पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, थांबायला सांगितलं. टकलूने आणि मुलीने, दोघांनीही ओरडणं बंद केलं होतं.

"नाही हो," बाई म्हणाल्या, "आज कुणालाच फोन केलेला नाही. तुमचं नाव जागच्या जागी आहे."

"म्हणजे किडनी आलीच नाही?"

"नाही आली."

"वा! फार बरं झालं, बाई! फार उपकार झाले!"

"काका, तुम्ही नीट ऐकलंत ना?" बाईंनी काळजीने विचारलं. मग मुलीने हळूच फोन घेतला आणि काकांचा फोन चालू होईपर्यंत म्हणून स्वतःचा नंबर बाईंना लिहून घ्यायला सांगितला.

एकच्या सुमाराला पेंटरच्या फोनवर काड्या उगवल्या. त्याने हॉस्पिटलला पुन्हा फोन करून खात्री केली, मगच घर गाठलं.

बायको उशीला टेकून बसली होती. "काय हो, आज स्वारी खुशीत?"

"अगं, आज फोनच आला नाही!"

"तो तर रोजच येत नाही," ती म्हणाली.

पेंटर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटला.