उसनी जीभ

कुरुंद्याच्या चंद्रभागाबाईला उठता-बसता चक्कर यायची, म्हणून शिवहारनं आईला घरीच व्हिडिओ कॉलवर शहरातला डॉक्टर लावून दिला. डॉक्टर भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, जीभ दाखवा."

चंद्रभागाबाईनं पदर तोंडावर ओढला. "लेकाच्या वयाच्या माणसाला जीभ काढून वेडावून दाखवू व्हय?" मग सुनेला कोपरानं ढोसून कुजबुजली. "सत्यशीला, तू दाखव गं. जीभ इथून तिथून सारखीच, त्याला काय कळून राहिलं!"

सत्यशीला नुकतीच हळद खुरपून आली होती, तिच्याच डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. नवऱ्यानं मोबाईल नुसती जीभच दिसेल इतका तोंडाजवळ धरला आणि तिनं मुकाट जीभ काढली.

"बापरे, पांढरीफटक! अंगात रक्तच नाही," डॉक्टर म्हणाला. "रोज रक्ताची गोळी, दूध, खजूर. आणि कामाला हात लावायचा नाही."

जीभ बायकोची होती, म्हणजे रक्तही तिच्याच अंगात नाही, हे शिवहारच्या ध्यानातच आलं नाही. आईच्या काळजीनं तो पार हादरला. त्याच दिवशी खजूर आणले, आईला खाटेवर बसवलं. तिच्या वाट्याचं धुणं-भांडं आपसूक सत्यशीलेकडं आलं. महिन्याभरात सासूच्या गालावर तेज चढलं. मग डॉक्टरला पुन्हा फोन लागला आणि सत्यशीलेनं पुन्हा जीभ दाखवली.



"अजून काहीच फरक नाही!" डॉक्टर म्हणाला. "आजींचे खजूर दुप्पट करा, आणि त्यांना खाटेवरून उठूच देऊ नका."