फुटवाल

इकोच्या पडद्यावर कोकिळाबाईचं हृदय धडधडत होतं. "झडप गळते, रक्त मागं फिरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कप्पा ताणलाय, पण जोर शाबूत दिसतोय. आत्ता ऑपरेशन केलं तर पूर्ववत होईल. वर्षभरानं झडप बदलूनही सावरणार नाही." "म्हंजे विहिरीतला फुटवालच," तिचा नवरा म्हणाला. "पानी वापस पडते, मोटर थकते. कांदे निंघू द्या, मंग पाहू." बाहेर बाकावर तिनं सोनाळ्याहून आणलेला डबा उघडून त्याच्या हाती भाकर दिली. तीन वर्षं ती धापा टाकत होती, घरात कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तरी ती हसली. "वावरातला फुटवाल गेला, तवा भरल्या ताटावरून उठले तुमी. माह्या छातीतल्याले कांदे आडवे आले?" त्यानं तोडलेला घास डब्यात ठेवला आणि तो डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे निघाला. "कुठी चालले? जेवा तं!" "फुटवाल बदलाले."