मधला खळगा

पलंग घ्यायचा तर आधी दुकानातच आडवं होऊन बघायचं, हा आमच्या ह्यांचा हट्ट. भरदुपारी आम्ही चपला काढून त्या भल्यामोठ्या पलंगावर लोळलो.

"दोघांना जरा मोठाच होतोय," हे म्हणाले.

"आता उठा आणि गादीकडे बघा," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "अंगाचा खळगा पडतो आणि दहा म्हणेपर्यंत आपोआप भरून येतो."

आम्ही उठून पायथ्याशी उभे राहिलो. ह्यांचा खळगा भरला. माझाही भरला. मधला मात्र तसाच राहिला.

दुकानदार हसायचा थांबला. "मध्ये कोण निजलं होतं?"

कोणीच नाही, असं मी म्हणणार, तोच त्या खळग्याने कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले आणि माझी उशी हळूच दबली.