फी वसूल

"बायको अंथरुणाला खिळलीय आणि तू पोरीची फी भरत बसलायस," पाण्याचा पेला हातात घेत काका म्हणाले. "रसायनशास्त्राची पदवी घेऊन मिळणार काय? कुठल्यातरी प्रयोगशाळेत बाटल्या विसळायच्या. तीन वर्षांत घातलेला पैसा सात जन्मांत वसूल व्हायचा नाही."

बाबांना ते लागलं. "दादा, मी अंगठाबहाद्दर. जन्मभर कारखान्यात पिंपं उचलली, पण आत काय असतं ते कधी कळलं नाही. हिला कळतं."

ते तिरमिरीत उठले. कारखान्यातून फुकट मिळालेलं, पिण्याच्या पाण्याचं निळं पिंप त्यांनी कोपऱ्यातल्या कोपऱ्यात गोल फिरवलं. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून असलेलं लेबल समोर आलं.

"वाच गं. कळू दे काकांना."

तिनं वाकून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग काकांच्या हातातला अर्धा संपलेला पेला काढून घेतला.

"बाबा, हे पिंप घरात आणलं ते आई आजारी पडायच्या आधी की नंतर?"

बाबा बोटांवर वर्षं मोजू लागले. आतल्या खोलीतून आईनं पाणी मागितलं.